बंद झालेल्या हॉटेलांचा राहून गेलेला अभिप्राय

मागच्या महिन्यात नागपूरहून आर्वीला परत येताना महामार्गावरच्या एका नव्या हॉटेलात आम्ही चहा घेतला आणि गाडीत बसेपर्यंत नातीच्या मोबाइलवर ‘सेवा कशी वाटली, तारे द्या’ असा निरोप येऊन पडला. तिने विचारले, “आबा, किती देऊ?” चहा म्हणजे निव्वळ साखरेचा पाक होता, म्हणून मी दोन सांगितले आणि विषय तिथेच संपला. रात्री मात्र मनात आले की ज्या हॉटेलांनी परक्या देशात आठ वर्षे माझी भूक आणि त्याहून अधिक माझी लाज सांभाळली, त्यांच्याविषयी मी कधी चार ओळीही लिहिल्या नाहीत. त्यांतली बहुतेक आता बंद पडली आहेत, त्यामुळे हा अभिप्राय वाचून तिथे जेवायला जाण्याची सोय कोणालाही नाही. तरी तो द्यायचा राहिला होता, एवढे खरे.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन मी १९७२ साली इंग्लंडला गेलो आणि लँकेशायरमधील एका गिरणीच्या गावातल्या रुग्णालयात कामाला लागलो. आमच्या वऱ्हाडचा कापूस अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात ज्या गिरण्यांकडे धावला, त्याच त्या लँकेशायरच्या गिरण्या. मी पोचलो तेव्हा त्यांची धुराडी एकामागून एक थंड होत होती. बाहेर खाण्याचा माझा तोवरचा अनुभव म्हणजे आर्वीच्या बसस्थानकावरचा रस्सा घातलेला आलुबोंडा, नॅरोगेजच्या गाडीतून उतरल्यावर पुलगावच्या फलाटावर घेतलेला चहा आणि वसतिगृहातील मेस. काटा कोणत्या हातात धरायचा हे मी मुंबईला विमानात बसण्यापूर्वी एका मित्राकडून शिकलो होतो आणि विमानातच विसरलो होतो. रुग्णाच्या पोटावर सुरी चालवताना न थरथरणारा हात ताटातल्या अंड्यावर सुरी चालवताना थरथरत असे, हे आज सांगायला हरकत नाही.

पहिले हॉटेल विम्पी. त्याची पहिली शाखा १९५४ साली लंडनमध्ये लायन्स या चहावाल्या कंपनीच्या कॉव्हेंट्री स्ट्रीटवरील ‘कॉर्नर हाउस’ या बहुमजली हॉटेलात उघडली. नाव अमेरिकन, पॉपाय या व्यंगचित्रातील हॅम्बर्गरवेड्या पात्रावरून घेतलेले. हल्लीच्या मुलांना बर्गर म्हटले की काउंटर, रांग आणि कागदात गुंडाळलेली पुडी आठवते, पण त्या काळच्या विम्पीत तुम्ही टेबलाशी बसत असा, वाढणारी बाई वही घेऊन येत असे आणि बर्गर चिनी मातीच्या बशीत, काटा-सुरीसह समोर येत असे. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय होती ती प्लास्टिकचे आवरण असलेल्या रंगीत मेनूकार्डाची. त्यावर प्रत्येक पदार्थाचे छायाचित्र होते. माझ्या उच्चारावर परीक्षकांपासून वॉर्डबॉयपर्यंत सर्वजण भुवया उंचावत असण्याच्या दिवसांत, तोंड न उघडता बोट ठेवून जेवण मागवता येणे ही किती मोठी गोष्ट होती, हे त्या परिस्थितीतून न गेलेल्या माणसाला समजावून सांगणे अवघड आहे.

हॅम म्हणजे डुकराचे मांस एवढे मला ठाऊक होते, त्यामुळे हॅम्बर्गरमध्ये डुक्करच असणार असा माझा पक्का समज होता. मद्रासकडच्या एका सहकाऱ्याने मला पहिल्याच दिवशी सावध केले की हे नाव हॅम्बुर्ग या जर्मन शहरावरून आलेले असून आत गाईचे मांस असते. तेव्हापासून माझे बोट अंडी आणि चिप्सच्या छायाचित्रावर जाऊन थांबू लागले. तो सहकारी स्वतः ‘बेंडर’ नावाचा प्रकार खात असे. लांब सॉसेजला एका बाजूने चिरा दिलेल्या असत, त्यामुळे भाजताना ते आपोआप वळून कडे होई आणि त्या कड्याच्या मध्यभागी भाजलेला अर्धा टोमॅटो बसवलेला असे. टेबलावर टोमॅटोच्याच आकाराची लाल प्लास्टिकची केचपची बाटली असे आणि लहान मुले ती दाबून एकमेकांच्या बशीत चित्रे काढत. वाढणारी बाई माझ्या आईच्या वयाची होती. तिने पहिल्या दिवशी मला “लव्ह” म्हणून हाक मारली तेव्हा मी कानापर्यंत लाल झालो. त्या भागात भाजीवाल्यापासून बसच्या वाहकापर्यंत कोणीही कोणालाही असे म्हणते आणि आपल्याकडच्या ‘बाप्पा’ किंवा ‘भाऊ’पेक्षा त्याचा अर्थ अधिक नसतो, हे कळायला मला दोन आठवडे लागले.

जुन्या गोष्टींविषयी लिहिताना सारेच गोड होऊन बसते, म्हणून एक कडू गोष्टही नोंदवतो. मध्यरात्रीनंतर सोबत पुरुष नसलेल्या स्त्रियांना विम्पीत प्रवेश देत नसत आणि १९७०च्या सुमारास स्त्री-मुक्तीच्या कार्यकर्त्यांना त्याविरुद्ध निदर्शने करावी लागली होती. आमच्या रुग्णालयातील परिचारिका ती हकिकत जेवणाच्या सुट्टीत मोठ्या त्वेषाने सांगत. रात्रपाळी करून दमलेल्या बाईला चहा नाकारण्यात कोणती सभ्यता होती, हे मला तेव्हाही समजले नाही.

१९७४ साली लंडनच्या वुलिच भागात मॅकडोनल्ड्सचे इंग्लंडमधील पहिले दुकान उघडले. १९८९ साली विम्पी ग्रँड मेट्रोपोलिटन कंपनीच्या हाती गेल्यावर अनेक शाखांवर बर्गर किंगची पाटी लागली. टेबलावर वाढणाऱ्या काही शाखा तेवढ्या वेगळ्या होऊन टिकल्या आणि आज मूठभर उरल्या आहेत. माझ्याकडून विम्पीला चार तारे. चौथा त्या मेनूकार्डासाठी.

बर्नी इनविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते त्या काळच्या इंग्रज मध्यमवर्गाला बाहेर जेवायला कोणी शिकवले असेल तर ते या हॉटेलांनी. फ्रँक आणि आल्डो बर्नी हे भाऊ उत्तर इटलीतील बार्दी या डोंगरी गावच्या कुटुंबातले. त्यांनी १९५५ साली ब्रिस्टलमधील ‘द रमर’ या जुन्या पबमध्ये पहिले बर्नी इन उघडले. साल लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये युद्धकाळात, १९४० साली, सुरू झालेले रेशनिंग जुलै १९५४मध्ये मांसावरील निर्बंध उठल्यावरच पूर्ण संपले. चौदा वर्षे कुपनावर मोजून मांस घेतलेल्या लोकांसमोर या भावांनी स्टेक, चिप्स, वाटाणे, पाव-लोणी आणि शेवटी आइस्क्रीम किंवा चीज असे जेवण साडेसात शिलिंगांत ठेवले. पौंडाचे वीस शिलिंग होत, म्हणजे नव्या दशमान नाण्यांत सारे मिळून साडेसदतीस पेन्स.

किमतीपेक्षाही तिच्यामागची युक्ती मोलाची होती. त्या काळी बरे हॉटेल म्हटले की फ्रेंच नावांचे मेनूकार्ड, ताटाभोवती मांडलेल्या काट्यांच्या रांगा आणि शेवटी येणारे बिल अशी तिहेरी भीती असे. बर्नी बंधूंनी पदार्थ मोजकेच ठेवले, ते सर्व शाखांत सारखेच ठेवले, आणि पूर्ण जेवणाची किंमत आधीच छापून टाकली. पदार्थ मोजके असल्यामुळे नावाजलेला आचारी लागत नसे आणि नासाडी होत नसे, म्हणून किंमत कमी ठेवणे परवडत असे. आपल्याकडच्या राइस प्लेटचे तत्त्व याहून वेगळे नाही. वर्ध्याच्या खानावळीत पाटीवर ‘दोन पोळ्या, वरण-भात, दोन भाज्या’ असे लिहिलेले असते आणि बाजाराला आलेला शेतकरी खिशातल्या नोटा बाहेर न काढता, नुसत्या चाचपून आत जातो. बर्नी इनच्या दारात उभा असलेला गिरणी-कामगार आणि त्याची पत्नी मी याच चर्येने आत जाताना पाहिली आहेत. १९७० साली ग्रँड मेट्रोपोलिटनने ही साखळी विकत घेतली तेव्हा सुमारे दीडशे हॉटेले झाली होती.

आम्ही मँचेस्टरच्या शाखेत पहिल्यांदा गेलो ते १९७६ साली, लग्नाच्या वाढदिवसाला. सौ. दोन वर्षांपूर्वीच इंग्लंडला आली होती. माहेर पंढरीच्या वारीचे, गळ्यात माळ. मांस, मासे, अंडे यांपैकी काहीही चालत नसे. आत काळपट लाकडी तुळया, गडद लाल गालिचा आणि लाल शेडचे दिवे होते आणि प्रकाश इतका मंद की सौ.ने मला हळूच विचारले, “इथं बी लाइन जाते काहो?” शेजारच्या टेबलावर प्रॉन कॉकटेल आले. उंच दांड्याच्या काचेच्या पेल्यात तळाशी चिरलेली लेट्यूसची पाने, त्यावर गुलाबी सॉसमध्ये घोळलेले कोळंबीचे तुकडे आणि कडेला लिंबाची फोड. तिने बराच वेळ निरखून पाहिले आणि माझ्याकडे वाकून म्हणाली, “बाई, आइस्क्रीमच्या गिलासात झिंगे भरून आणले यानं!” मला हसू आवरेना, आणि ज्या हॉटेलात मी इतका अवघडून बसलो होतो तिथे मी पहिल्यांदाच सैल झालो.

मी प्लेस मासा मागवला. तिच्यासाठी काय मागवावे हा प्रश्न होता, कारण ‘शाकाहारी’ म्हटल्यावर “मग चिकन चालेल ना?” असे विचारण्याचा तो काळ होता. वाढणाऱ्या बाईने आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि स्टेकबरोबर जे जे काही मिळते ते सारे स्टेक वगळून एका मोठ्या ताटात मांडून आणले. त्यात चिप्स होत्या, वाटाणे होते, मशरूम होते, भाजलेला टोमॅटो होता आणि लोण्यासह पाव होता. चवीविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या काळच्या इंग्रजी भाज्या उकडून, निथळून समोर ठेवत आणि तिखट-मिठाची जबाबदारी खाणाऱ्यावर सोपवून मोकळे होत. सौ.ने पर्समधून जवसाच्या चटणीची डबी काढली आणि चिप्सवर चटणी पेरली. तेवढ्यात ती बाई पाण्याचा जग घेऊन आली. बाहेरचे खाणे इथे चालणार नाही असे आता ऐकून घ्यावे लागणार, या कल्पनेने मी खाली पाहू लागलो. तिने डबीकडे पाहिले, काही न बोलता आत गेली आणि चटणी काढून घ्यायला एक कोरी बशी आणून ठेवली. जेवण तीन ताऱ्यांचे होते. त्या बशीसाठी मी पाच देतो.

शेवटी ‘ब्लॅक फॉरेस्ट गातो’ नावाचा केक आला. चॉकलेटी केकचे थर, मध्ये भरपूर साय, वर किसलेले चॉकलेट आणि चेरी. सौ.ला तो इतका आवडला की माझ्या वाट्याचा अर्धा तुकडाही तिने घेतला. केकमध्ये अंडे असते हे मला ठाऊक होते. तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

अशी दुसरी एक चूक आमच्या दोघांच्याही नकळत झाली. आमच्या गल्लीच्या टोकावरच्या मासे-चिप्सच्या दुकानातून ती दर शुक्रवारी नुसत्या चिप्स आणत असे आणि मिटक्या मारत खात असे. त्या चिप्स गाईच्या चरबीत तळल्या जात होत्या हे आम्हाला चार वर्षांनी कळले. उत्तर इंग्लंडमध्ये ती जुनी रीतच होती, दुकानदाराने काही लपवले नव्हते, आम्हीच विचारले नव्हते. त्या रात्री ती जेवली नाही आणि पुढची एकादशी तिने निर्जळी केली. आणखी एका साखळी हॉटेलात, ज्याचे नाव मी इथे लिहीत नाही, खिडकीजवळची चार टेबले रिकामी असताना आम्हाला स्वयंपाकघराच्या हेलकावणाऱ्या दाराशी बसवण्यात आले आणि दर दोन मिनिटांनी ते दार माझ्या खुर्चीच्या पाठीवर आदळत राहिले. सर्व शाखांत चिप्सचे माप सारखे ठेवता येते, माणसांची मने सारखी ठेवता येत नाहीत, हेही याच अभिप्रायात नोंदवलेले बरे.

लायन्सच्या चहाच्या दुकानांची थोरवी मी मुख्यतः आमच्या घरमालकिणीकडून ऐकली. पहिले दुकान १८९४ साली लंडनच्या पिकॅडिलीत उघडले आणि पांढऱ्या-सोनेरी दर्शनी भागाची अशी सुमारे अडीचशे दुकाने पुढे झाली. त्यांच्या कॉर्नर हाउसमध्ये मजल्यामजल्यावर वेगळे हॉटेल असे आणि वाद्यवृंद वाजत असे. काळा झगा आणि पांढऱ्या टोपीतील चपळ वाढणाऱ्या मुलींना १९२०च्या दशकापासून ‘निपी’ म्हणू लागले. घरमालकीण तरुणपणी लंडनला निपी होती आणि सत्तरीतही एका हातावर चार बश्या तोलून दाखवत असे. मला सर्वांत नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. रोज किती पाव, किती केक लागतील आणि त्यांचा खर्च किती, या हिशेबाला कंटाळून या चहावाल्या कंपनीने स्वतःचा संगणक बांधला. लिओ हे त्याचे नाव, आणि १९५१ साली तो बेकरीचा हिशेब करू लागला. व्यापारी कार्यालयाचे नित्याचे काम करणारा जगातला पहिला संगणक म्हणून त्याची नोंद आहे. आपल्याकडे चहा-टपरीवर उधारीची वही असते, त्यांच्याकडे खोलीभर दिव्यांचे यंत्र होते, भानगड मात्र तीच.

मी स्वतः लायन्समध्ये गेलो तो १९७३ साली, शल्यचिकित्सेच्या परीक्षेसाठी लंडनला गेलो असताना. रॉयल कॉलेजपासून स्ट्रँड रस्ता चालत दहा मिनिटांवर आहे. उत्तीर्ण झालेल्यांचे क्रमांक पुकारले गेले, त्यात माझा नव्हता. तोवर निपी इतिहासजमा झाल्या होत्या. आपला ट्रे आपणच ढकलत न्यायचा आणि पैसे भरायचे. जाड कपातला चहा आणि लोणी लावलेला गोड बन घेऊन मी कोपऱ्यात बसलो. दीड तास मी उठलो नाही. या काळात टेबल पुसणारा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा त्याने माझ्या कपाभोवती फडके फिरवले आणि रिकामा कप तसाच राहू दिला. स्ट्रँडवरचे ते कॉर्नर हाउस १९७७ साली बंद झाले आणि १९८१पर्यंत चहाची दुकानेही संपली.

लिटल शेफ हे रस्त्यावरचे हॉटेल. कॅराव्हॅन बनवणाऱ्या सॅम आल्पर यांनी अमेरिकेतील रस्त्याकडेची हॉटेले पाहून १९५८ साली रेडिंग येथे अवघ्या अकरा खुर्च्यांचे पहिले लिटल शेफ सुरू केले. भरभराटीच्या काळात त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. गाडी घेतल्यावर आम्ही सरोवरांच्या प्रदेशात जाताना तिथे थांबत असू. सौ.साठी टोस्टवर टोमॅटो सॉसमधले शिजवलेले घेवडे, माझ्यासाठी ऑम्लेट, आणि निघताना मुलीच्या हातात एक फुकट लॉलीपॉप, हा क्रम कधी बदलला नाही. पन्नास मैल पुढे गेले तरी पाटीवर तोच लठ्ठ आचारी, आत तेच कार्ड आणि तितकेच स्वच्छ संडास. शेवटी ही साखळी हातोहाती विकली जात २०१८पर्यंत संपली.

त्याची आठवण मला समृद्धी महामार्गाने करून दिली. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला तेव्हा ५२० किलोमीटरच्या वाटेवर चहाच्या घोटाची धड सोय नव्हती आणि नागपूरकर मंडळी पोळी-भाजीचे डबे बांधून निघत. आता पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला आहे आणि हळूहळू हॉटेलेही येत आहेत. तिथे कोणी लिटल शेफसारखी साखळी काढणार असेल तर माझी सूचना अशी की मेनूत पन्नास पदार्थ ठेवू नयेत. झुणका-भाकर, गोळाभात, तर्री-पोहे आणि बरा चहा, इतके चारच पदार्थ वर्ध्यापासून वाशीमपर्यंत एकाच चवीचे आणि छापील किमतीचे मिळाले, तर मी नातीला पाच तारे द्यायला सांगेन.

गेल्या आठवड्यात तिचा वाढदिवस झाला. आर्वीच्या बेकरीतून केक आणला तो ब्लॅक फॉरेस्टच होता. हल्ली आमच्याकडे प्रत्येक वाढदिवसाला तोच असतो. खोक्यावर हिरवा ठिपका आणि ‘एगलेस’ अशी चिठ्ठी होती. सौ.ने वरची लालभडक चेरी चमच्याने उचलून तोंडात टाकली, चावली आणि म्हणाली, “चेरी कुठची, करवंद हाय हे.” तिचे खरे होते. आपल्याकडच्या बऱ्याचशा बेकऱ्यांतली चेरी म्हणजे बी काढून, लाल रंगात आणि पाकात मुरवलेले करवंदच असते. मग बशी तशीच हातात धरून ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

“काहो,” तिने विचारले, “त्या मँचेस्टरच्या केकात अंडं होतं का?”

मी नातीला सुरी मागितली आणि दुसरा तुकडा कापायला घेतला.